कॉन्चेत्ताबाईंच्या टेबलाशी

कोल्हार

परत आल्यापासून स्टँडवर, शाळेत, न्हाव्याच्या खुर्चीत बसलो तरी एकच प्रश्न येतो, "गुरुजी, इटली कशी हाय वो?" काय सांगू? नेपल्सला समुद्र आहे आणि शहराच्या उशाशी ज्वालामुखी आहे, हे मी न जाताच मुलांना शिकवत होतो. तिथं जाऊन त्यात भर पडेल असं काही मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एक स्वयंपाकघर, दवाखान्यातला एक वॉर्ड आणि दवाखान्यासमोरचं कॉफीचं दुकान. जन्मात कधी वाटली नव्हती इतकी भीती मला या तीन जागांत वाटली. इटलीतली माणसं काय खातात, कसं खातात हे मला माहीत झालं ते त्या भीतीपायीच.

माझा धाकटा भाऊ भास्कर इंजिनांच्या कामात हुशार. नगरच्या ज्या वर्कशॉपमध्ये तो होता, त्यांनी त्याला वर्षभरासाठी नेपल्सजवळच्या एका कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. पाकिस्तानबरोबरचं युद्ध नुकतंच संपलं होतं. प्रवरेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. नववीचा इंग्रजीचा तास चालू असताना शिपाई तार घेऊन आला. भाऊ आजारी आहे, फक्त स्वतःची भाषा बोलतो, इथे कुणाला समजत नाही, घरचं माणूस पाठवा, एवढाच मजकूर.

घरी मी तार मराठीत सांगितली. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा म्हणाले, "आपली भाषा बोलतोय म्हंजी चांगलंच हाय की. त्यात आजार कसला?"

खुलासा नगरच्या वर्कशॉपच्या मालकांकडून झाला. कारखान्यात शिडीवरून पडून भास्करच्या डोक्याला मार बसला होता. तेव्हा तो झटकून उठला, कामाला लागला. पण काही आठवड्यांनी डोकं ठणकायला लागलं, उजव्या हातातून वस्तू निसटायला लागल्या, आणि वर्षभरात शिकलेली त्यांची भाषा पार पुसली गेली. इंग्रजीही गेली. उरली ती मराठी.

"शिकल्यालं आसं इसरतं का मानूस?" आई म्हणाली.

पासपोर्ट, तिकीट, गरम कोट सगळं वर्कशॉपच्या लोकांनीच पाहिलं. निघताना दादा स्टँडवर आले. "दोन गोष्टी सांगतो. गाईचं खाऊ नको. आन् त्याला घिऊन ये." एस.टी. सुरू झाली तसे खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "कसा बी आसू दे. घिऊन ये."

त्या 'कसा बी'चा अर्थ मी विमानात बसेपर्यंत लावत होतो, आणि विमानात बसल्यावर लावायचा नाही असं ठरवत होतो.

वॉर्ड

वॉर्डचं छत इतकं उंच होतं की बोललेलं वर जाऊन परत यायचं. भास्कर खिडकीजवळच्या खाटेवर होता. मला पाहून तो उठून बसला. "भाऊ! आलास व्हय? आधी ती विहीर लाव, लई गार वारं येतंय."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. पण तो डाव्या हातानं खिडकी दाखवत होता. मी खिडकी लावली आणि हसलो. ओठांनीच हसलो. तार करणाऱ्यांना काय माहीत, आमची भाषासुद्धा गळायला लागली होती.

वॉर्डवर केरळची एक ख्रिस्ती जोगीण नर्स होती, सिस्टर लिली. तिला इंग्रजी येत होतं आणि मलाही, त्यामुळे मला जे कळलं ते तिच्याकडून. कवटीखाली रक्त साकळलं आहे. भोक पाडून ते काढावं लागेल. शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना तिकडं 'प्रोफेसर' म्हणतात. प्रोफेसर चांगले आहेत. पण भास्करला ताप आहे, छातीत कफ आहे, तो उतरल्याशिवाय ते हात लावणार नाहीत.

"आणि उतरेपर्यंत डोक्यातलं रक्त थांबेल?" मी विचारलं.

"प्रार्थना करा," ती म्हणाली.

बाहेर येऊन मी समोरच्या दुकानात कॉफी मागितली. तिथं बाकडी नव्हती. लोक उभ्या उभ्या दोन घोटांत कॉफी पिऊन चालू लागत होते. आमच्या स्टँडवर एका चहावर तासभर राजकारण चालतं. इथं कप ठेवला की माणूस बाहेर. दुकानदारानं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास आणि बोटभर कप ठेवला. कपात तळाशी काळं, काकवीसारखं दाट काहीतरी होतं. ते कडू औषधासारखं घशाखाली घालून मी वर पाणी प्यायलो. दुकानदाराचं तोंड उतरलं. त्यानं माझ्या कपात वाकून पाहिलं आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. नंतर सिस्टरनं सांगितलं की पाणी आधी प्यायचं असतं, जीभ स्वच्छ करायला. कॉफीनंतर पाणी प्यालं की कॉफी वाईट झाली असा अर्थ होतो. त्या माणसाची माफी मागायलासुद्धा माझ्याकडं शब्द नव्हते.

टेबल

भास्कर ज्यांच्याकडं खोली घेऊन राहत होता, त्यांच्याकडंच माझी सोय झाली. बाईंचं नाव कॉन्चेत्ता. आमच्या आईच्या वयाच्या, विधवा, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. दारातच त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडू लागल्या. परक्या बाईनं असं धरलेलं मला माहीत नव्हतं. मी खांबासारखा उभा राहिलो. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि "मांजा, मांजा" म्हणत ताट पुढं केलं. मांजा म्हणजे जेव. हा शब्द मी तिथं जितक्या वेळा ऐकला तितकं स्वतःचं नावही ऐकलं नाही.

ताटात पीठ मळून केलेल्या, बोटाएवढ्या पोकळ नळ्या होत्या, टोमॅटोच्या लाल रसात. पास्ता. शेजारी पाव. मी आपला कालवण-भाकरीचा माणूस. पावाचा तुकडा मोडला आणि त्यात नळ्या धरून खायला लागलो. बाईंनी घास हातात धरून पाहत राहावं इतकं ते त्यांना नवल होतं. त्यांनी माझा पाव काढून बाजूला ठेवला, काटा हातात दिला. पास्ता काट्यानंच खायचा. पाव नंतर, ताटाला लागलेला रस पुसून घ्यायला. ते मात्र करायचंच. ताट पुसलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मी पाव टेबलावर ठेवला तो उलटा पडला. बाई झटकन उठल्या, पाव सुलटा केला, त्याला ओठ लावले आणि छातीवर क्रूस काढला. पाव म्हणजे त्यांच्या देवाचं अंग. तो पालथा ठेवला तर घरात वाईट होतं, हे मला कुणाला सांगावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

त्या संध्याकाळी भास्करचा ताप चढला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बाईंनी कॉफी केली. त्यांचं भांडं म्हणजे एकावर एक बसवलेले दोन डबे. खालच्यात पाणी उकळलं की अख्खं भांडं उलटं करायचं आणि कॉफी थेंबथेंब गळेपर्यंत वाट पाहायची. वास उडून जाऊ नये म्हणून भांड्याच्या चोचीवर त्या कागदाची टोपी घालायच्या. मी खुणेनं दूध मागितलं. बाईंनी दोन्ही हात पोटावर दाबले आणि कळ आल्यासारखं तोंड केलं. दूधकॉफी फक्त सकाळी. जेवणावर दूध पडलं की पोटात नासतं म्हणे. तरी मी पाहुणा, म्हणून नाइलाजानं त्यांनी दिलं, आणि मी पीत असताना भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी दवाखान्यात गेलो तर भास्कर ओकत होता.

इंग्रजीबरोबर विज्ञानही शिकवणारा माणूस मी. कावळा शिवण्यावर वर्गात थट्टा करणारा. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक भूत शिरलं. या टेबलाशी मी चुकलो की तिकडं त्याचं बिघडतं. मग मी कॉन्चेत्ताबाईंच्या हातांवर नजर ठेवून जेवू लागलो. त्या काटा उचलतील तेव्हा काटा, त्या पाणी पितील तेव्हा पाणी. शिंपल्यांच्या पास्त्यावर मी किसलेलं चीज घालायला गेलो तर त्यांनी माझं मनगट पकडलं. मासोळी आणि दुधाचं एकत्र नाही. हे आमच्याकडंही नाही! मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. मीठ सांडू नये म्हणून मी मिठाच्या भांड्याला हातच लावत नव्हतो. घास पोटात जायचा, पण चव लागायची नाही.

रविवारी सकाळपासून चुलीवर लाल रस रटरटत होता. झाकण उघडलं तर आत मांसाचे तुकडे. दादांचे शब्द आठवले. कोणतं मांस, हे विचारायला शब्द नव्हता. शेवटी मी डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली आणि चाळिशीला आलेला हायस्कूलचा मास्तर गाईसारखा हंबरलो. बाईंनी मान डोलावली, अगदी आनंदानं. होय, गाईचंच! मग मी हात जोडले आणि वर आकाशाकडं बोट दाखवलं. त्यांना काय उमगलं कोण जाणे, पण सकाळपासून केलेला तो रस एका बाजूला सारून त्यांनी माझ्यासाठी निराळा टोमॅटो चिरायला घेतला. चिरता चिरता डोळे पुसत होत्या. मी घाबरलो. अन्न नाकारलं, आता काय होईल?

पण त्या दिवशी काहीच झालं नाही. ताप थोडा उतरलाच.

काळ्या कपड्यांतल्या बाया

एका सकाळी कॉन्चेत्ताबाई बाजारात गेल्या होत्या. घंटा वाजली. मी दार उघडलं तर जिन्यात चार-पाच बाया, सगळ्या काळ्या कपड्यांत. कुणाच्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट, कुणाच्या हातात कॉफीचा पुडा, कुणाच्या हातात साखर. त्या आत आल्या, टेबलावर सगळं मांडलं, आणि एकेकीनं माझे हात हातात घेतले. एक म्हातारी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली.

आमच्याकडं घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकरी झाकून येते. तिला कडू भाकर म्हणतात. मी लहानपणी आजोबांच्या वेळी ती खाल्लेली आहे. फडक्याखाली पास्ता होता, भाकर नव्हती. पण झाकून आणलेल्या अन्नाचं तोंड मी ओळखतो.

मी त्या बायांना तशाच सोडून जिना उतरलो. कोट राहिला, पायात सपाता होत्या. गल्ल्यांवर वाळत घातलेले कपडे, खाली भाजीच्या गाड्या. दोनदा वाट चुकलो. धावताना दादांना काय लिहायचं याची वाक्यं मनात आपोआप जुळत होती आणि मी ती मोडत होतो. 'कसा बी आसू दे' म्हणाले होते दादा. त्यांना सगळं आधीच कळलं होतं का?

वॉर्डात शिरलो तर भास्कर उशीला टेकून संत्र्याची फोड चोखत होता.

"भाऊ, कुत्रं लागलं का मागं?" तो म्हणाला.

मी खाटेच्या दांडीला धरून उभा राहिलो. सिस्टर लिली धावत आली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, ताप उतरला. उद्या ऑपरेशन ठरलंय. पहाटे देवळात मी कॉन्चेत्ताबाईंना सांगितलं, त्यांनी गल्लीत सांगितलं असणार. आजाऱ्याच्या घरी इथं कॉफी आणि साखर घेऊन जातात. जेवणही नेतात."

"आणि माणूस गेला तर?"

"तेव्हाही हेच नेतात," ती म्हणाली.

घरी परतलो तेव्हा बाया तशाच बसल्या होत्या. कॉन्चेत्ताबाईंनी कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं होतं. मला मधे बसवून सगळ्यांनी कॉफी घेतली. मी घोट घेतला आणि कुणाच्याही चेहऱ्याकडं पाहिलं नाही.

ऑपरेशन

सकाळी भास्करचं डोकं भादरलं होतं. न्यायच्या आधी त्यानं माझा हात धरला, डाव्या हातानं. "भाऊ, आईला काय सांगू नको."

"काय सांगायचं नाही?"

तो शब्द शोधत राहिला. सापडला नाही. तेवढ्यात गाडा हलला.

मी सही केली होती. सिस्टरनं कागद वाचून दाखवला होता, त्यात काय काय होऊ शकतं हे सगळं होतं. वाट पाहायला एक लांब बोळ होता. कॉन्चेत्ताबाई शेजारी माळ ओढत होत्या. मी शाळेत शिकवतो ते सगळं आठवून पाहत होतो, पाढेसुद्धा म्हटले.

दार उघडलं आणि प्रोफेसर बाहेर आले. उंच, वाकलेले, डोळ्यांखाली काळं. त्यांनी तोंडावरचं फडकं काढलं, माझ्याकडं पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "कॉफी?"

आमचे चुलते नगरला दवाखान्यात होते, तेव्हा डॉक्टरांनी मला असंच बाजूला घेतलं होतं. आधी चहा मागवला. मी अर्धा चहा प्यायल्यावर सांगितलं. तेव्हापासून मला ठाऊक आहे, डॉक्टर प्यायला कधी देतात.

त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि जिना उतरून, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात नेलं. मी चालत होतो की ते मला नेत होते, सांगता येत नाही. गल्ल्यावर पैसे भरून त्यांनी चिठ्ठी घेतली, ती दुकानदारापुढं सरकवली. पाणी आलं. ते पाणी प्यायले. मीही प्यायलो. कप आले. त्यांनी साखर घातली, ढवळली, सावकाश, जणू जगात दुसरं काम नाही. मी त्यांच्या बोटांकडं पाहत होतो. याच बोटांनी आत्ता भास्करचं डोकं उघडलं होतं. विचारावं असं वाटत होतं आणि विचारलं नाही तोवर तो जिवंत आहे असंही वाटत होतं. म्हणून मी कॉफी संपवतच नव्हतो.

प्रोफेसरांनी कप ठेवला. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तो जागा झाला. आणि सारखं म्हणतो, आई, आई. कुठं दुखतं ते मी विचारतो. डोकं? नाही. हात? नाही. तुम्ही सांगा, त्याला कुठं दुखतं आहे?"

मला काही कळेना. मग समजलं ते असं: त्यांच्या भाषेत कळ आली की माणूस 'आई' असं कण्हतो, त्याचा आईशी काही संबंध नसतो.

"दुखत नाही त्याला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आई म्हणजे मदर."

प्रोफेसर माझ्याकडं पाहत राहिले. खरं तर आमच्याकडंही कळ आली की आईच म्हणतात, हेही मला सांगायचं होतं, पण मी काऊंटरवरच कलंडलो. दुकानदारानं काऊंटरवरून वाकून मला काखेत हात घालून धरलं.

वॉर्ड

जीव वाचला होता. हात आणि भाषा यांचं काय, ते प्रोफेसर सांगत नव्हते. दिवस जात होते. भास्कर मराठी नीट बोलू लागला, पण सिस्टर काही विचारी तेव्हा तिच्याकडं मख्खासारखा पाही. उजवा हात पांघरुणाखाली लपवून ठेवी. असाच न्यायचा का याला कोल्हारला? इंजिनावर चालणारा हात, तोच मेला तर हा काय करेल? ही भीती आधीच्या भीतीसारखी धावायला लावणारी नव्हती. ती माझ्याबरोबर नुसती बसून असायची.

एका दुपारी कॉन्चेत्ताबाई टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन आल्या. आत स्पॅगेटी, शेवयांसारखी पण लांबच लांब, पांढरी, वर नुसतं तेल. आजाऱ्याला तिकडं असंच देतात, आपण मऊ भात देतो तसं. मी सुरी घेतली. बारीक तुकडे करून त्याला घास भरवावेत असा विचार होता. बाईंनी माझ्या हातातून सुरी अशी ओढली की शेजारचे आजारी उठून बसले. स्पॅगेटी कापायची नसते. काट्याला गुंडाळायची असते.

एवढे दिवस गप्प जेवलेला मी, त्या क्षणी भडकलो. "अहो, त्याचा हात चालत नाही! तुमच्या रीतीभाती घेऊन काय करू?"

त्याही त्यांच्या भाषेत ओरडल्या. सिस्टर मधे आली. "त्या म्हणताहेत, हा माझ्या घरी रोज गुंडाळून खायचा. आज तुम्ही तुकडे केलेत तर त्याला कळेल, तुम्ही आशा सोडली."

भास्कर आम्हा दोघांकडं पाहत होता. त्यानं पांघरुणातून उजवा हात काढला. काटा धरला. काटा सुटून चादरीवर पडला. मी मान फिरवली. परत पाहिलं तेव्हा काटा पुन्हा त्याच्या मुठीत होता. दोन-तीन तारा अडकल्या, डब्याच्या कडेला टेकवून तो काटा फिरवू लागला. अर्धं गुंडाळलं, अर्धं सुटलं. जे वर आलं ते हनुवटीवर तेल सांडत तोंडात गेलं. त्यानं चावलं. पुन्हा काटा घातला. या वेळी सुटलं नाही.

मग तो कॉन्चेत्ताबाईंकडं वळून काहीतरी बोलला. लांब, भरभर. मला एक शब्द कळला नाही. मराठीही गेली की काय, हा बरळतोय की काय? मी सिस्टरकडं पाहिलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता.

कॉन्चेत्ताबाई दगडासारख्या उभ्या होत्या. मग त्यांनी दोन्ही हात वर फेकले आणि एकदम कडाडल्या. भास्करनं तितक्याच ठसक्यात उत्तर दिलं.

"काय म्हणतोय तो?" मी सिस्टरला विचारलं.

"म्हणतोय, मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी खाटेच्या काठावर बसलो. त्या दोघांचं भांडण बराच वेळ चाललं. त्यातलं एक अक्षरही मला कळत नव्हतं, आणि कळावं असं वाटतही नव्हतं.